वासराचा ठोका

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! एक विचारतो — तुमच्या आत जो जीव धडधडतोय, त्याचा आवाज शेवटचा कधी ऐकलात? आठवत नाही ना? मग ऐका!

एका विद्यापीठात शर्वाणी नावाची मुलगी जनावरांची डॉक्टरकी शिकत होती. हुशार! पण फोन म्हणजे हाताचं सहावं बोट! जेवताना फोन, उशाशी फोन! कुणाला किती मार्क, कुणाला कुठं नोकरी — सारखं बघायचं अन् जीव जाळायचा. मग झोप नाही, छातीत धडधड! अन् धडधड का होते, हे विचारायचं कुणाला? — फोनलाच!

एके सकाळी कौसाबाईची गाय तिथल्या दवाखान्यात व्याली. वासरू पडलं — निपचित! श्वास नाही! तिला शिकवणारे सर गाईचं रक्त थांबवण्यात गुंतलेले. तिथूनच ओरडले, "शर्वाणी, ठोका बघ! असेल तर झटू. नसेल तर इकडे ये!"

तिनं तपासायची नळी कानाला लावली. ठोके मोजायला घड्याळ हवं. घड्याळ कुठलं? फोन काढला! काढला तोच निरोप — निकाल लागला! बोट गेलंच की हो तिकडे! कानात आता नुसती स्वतःचीच धडधड.

"सर... काहीच नाही."

कौसाबाई मटकन खाली बसली. वासराची मान मांडीवर घेऊन म्हणाली, "पोरी, अजून एकडाव बघ की गं. माझ्यासाठी बघ."

शर्वाणीला लाज वाटली. फोन बंद केला अन् दिला गव्हाणीत टाकून! डोळे मिटले. नळी टेकवली.

पखवाजवाले, थांबा! कुणी हलू नका...

ठक्.

...ठक्.

"सर! आहे! जीव आहे!"

अंग चोळलं, गवताची काडी नाकपुडीत फिरवली — आणि वासरू शिंकलं! अहो, शिंकलं! गाय हंबरली, कौसाबाई रडली, सरांचेही डोळे भरले. अन् शर्वाणीनं तीच नळी स्वतःच्या छातीला लावली. मंडळी, आईच्या पोटात असल्यापासून हा ठोका चालू आहे! कुणी चावी दिली नाही, कुणी चार्जिंगला लावला नाही! केवढं हे नवल! अन् आपण त्याला साधा कानही देत नाही!

निकाल? तो गव्हाणीतच पडून होता. सावकाश पाहिला तिनं.

आता तुम्ही! डोळे मिटा. हात छातीवर ठेवा... अहो नाना, छातीवर म्हटलं! तुम्ही खिशातल्या फोनवर ठेवलाय! काढा तो बाहेर.

हां. आता ऐका.