हॉलमधला फोन

दादरला फोन कंपनीच्या ऑफिसात टोकन घेऊन बसलो होतो. शेजारी सत्तरीतलं एक जोडपं होतं, आजोबांच्या हातात काठी.

"नलू, इंटरनेट जुन्याच कंपनीचं राहतंय, ती स्कीम चांगली आहे. नुसता घरचा फोन इकडे आणायचा. नंबरही तोच."

"कळलं. पण कॉर्डलेस नको."

"अगं, फुकट देतायत. पलंगावरूनच उचलता येईल."

"म्हणूनच नको."

"म्हणजे?"

"मी प्रभादेवीला आपल्या मनवाकडे गेले की दुपारी फोन करते तो कशाला?"

"जेवलो का विचारायला."

"छे! फोन हॉलमध्ये आहे. तुम्ही उचलला, म्हणजे उठून तिथवर चाललात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर किती वेळ वाजत राहायचा! मी जीव मुठीत धरून ऐकायचे. आता दोन रिंगमध्ये उचलता. डॉक्टरांनाही सांगितलं मी."

"डॉक्टरांना कशाला सांगितलंस?"

"का? काय झालं?"

"अगं, जेवण झालं की मी फोनशेजारीच खुर्ची टाकून बसतो."

"अहो!"

"फोन वाजत राहिला की तू घाबरतेस. ते मला घरात बसून कळतं."

"आणि पाय?"

"आहे तसाच आहे."

"उद्यापासून खुर्ची आत. वाजू दे कितीही वेळ."

"आणि कट झाला तर?"

"परत लावीन. चला उठा, आपलं टोकन आलं. मी हात देणार नाही."

"नको देऊस. फक्त पुढे जाऊन उभी राहा."