रुसव्याची गाडी

शुभांगी : फोन कशाला केलाय आता? बसा की गाडीतच आरामात.

बसवेश : शुभांगी, ठिवू नको फोन. पाया पडतो तुझ्या. आधी ऐक.

शुभांगी : नवरीच्या पाया पडायचं राहू द्या. नवरदेव गाडीत रुसून बसलाय, काही मिळाल्याबिगर उतरत न्हाय, असं सगळ्या बाया आत येऊन सांगायल्यात. मावशी म्हणती, पोरीला जावई मोठ्या तोऱ्याचा घावला.

बसवेश : अगं रुसलोय कुठं! दार उघडंना!

शुभांगी : हां. दार उघडंना.

बसवेश : खरंच उघडंना! शिवप्पा काका गाडीतनं उतरले, सवयीनं चावीचं बटण दाबलं, चावी खिशात टाकली अन् गेले ब्यांडच्या म्होरं नाचायला. फोन लावला तर ब्यांडात त्यांना ऐकूच जाईना. म्या मागच्या सीटवर. मागची दारं आतनं उघडतच न्हायत. काकाची नातवंडं वाटंत दार उघडतात म्हणून तसं करून ठिवलंय.

शुभांगी : मग पुढच्या सीटवर जावा अन् तिथनं उतरा.

बसवेश : पुढं भांडी हायती. आमच्या आत्यानं आहेराला आणलेली, काकाच्या शेजारच्या सीटवर अन् मधल्या फटीत छतापतूर रचलीत. एक पातेलं सरकवायला गेलो तर चार अंगावर आली. ऐक, ऐक, हे बघ, आणखी एक पडलं. आला का आवाज?

शुभांगी : आला.

बसवेश : मग हस की जरा. लई घाम आलाय गं मला. एसी बंद, काच वर, अंगावर शेरवानी.

शुभांगी : काच ठोठवायची. बाहेर आख्खं जळकोट उभं हाय.

बसवेश : ठोठवली! लोकांनी टाळ्या वाजवल्या! "रुसला, रुसला" करून ब्यांडवाल्यानं आणखी जोर केला. तुझे अप्पा काचेपाशी आले, हातातलं घड्याळ काढून मला दाखवलं. म्या हात हलवले, म्हणजे नको, मला काहीच नको. त्यांना वाटलं, घड्याळ कमी पडलं.

शुभांगी : अन् मग?

बसवेश : मग खिशातनं मोबाईल काढून दाखवला. म्या आणखी जोरात हात हलवले. मुंडकं पण हलवलं. आता तर जास्तच बिघडलं.

शुभांगी : आता काय करायलेत अप्पा? खरं सांगा.

बसवेश : बोटातली अंगठी काढायलेत. निघंना झालीया. कोणतरी तेलाची बाटली आणून दिलीया त्यांना.

शुभांगी : ती अंगठी अव्वानं घातलेली हाय त्यांच्या बोटात. लग्नात. अव्वा गेली तवा बी त्यांनी ती काढली न्हाय.

बसवेश : मला काय ठाऊक! शुभांगी, देवाशपथ, मला नको ती अंगठी.

शुभांगी : साखरपुड्याला तुमाला एकच गोष्ट मागितली होती. काय मागितलं होतं?

बसवेश : रुसवा घ्यायचा न्हाय.

शुभांगी : का मागितलं होतं?

बसवेश : ताईच्या नवऱ्यानं असंच जीपमध्ये रुसून अप्पांची मोटरसायकल नेली म्हणून. अप्पांनी हसत हसत चावी दिली अन् तवापासून दुकानाचा माल आणायला एसटीनं नळदुर्गला जातात.

शुभांगी : परत असं झालं तर मी काय करीन म्हणलं होतं?

बसवेश : मांडवातनं उठून जाईन म्हणली होतीस.

शुभांगी : मग ऐका. उठलेय मी.

बसवेश : उठलीस म्हणजे? शुभांगी? अगं कुठं निघालीस?

शुभांगी : तुमच्याकडंच. फोनवर मोडायचं न्हाय मला. तोंडावर सांगणाराय.

(शुभांगी मुंडावळ्यांसकट गाडीपाशी येते. तिचे वडील वीरप्पा दाराशी उभे आहेत, हातात तेलाची बाटली.)

वीरप्पा : अगं अगं, तू कशाला बाहेर आलीस? अक्षता पडायच्या आधी नवरीनं असं रस्त्यावर येऊ ने. जा आत. जावईबापूंचा जरा रुसवा हाय, चालायचंच. जरा सबूर कर, आत्ता निघतीया अंगठी. सांधा आडवा आलाय नुसता.

शुभांगी : अप्पा, बाटली द्या हिकडं.

वीरप्पा : दोन थेंब राहिलेत बाळा, तेवढे बोटाला लावतो.

शुभांगी : ब्याड अप्पा. नको म्हणते ना. बोट बघा कसं सुजलंय. सरका, मला बोलायचंय त्यांच्याशी... अगं बाई.

वीरप्पा : काय झालं? रडायलीस का?

शुभांगी : अप्पा... अप्पा, बघा तरी.

वीरप्पा : हसायलीस? पोरी, लोक बघायलेत! काय बघू?

शुभांगी : नाक बघा. काचेला कसं दाबलंय. अन् फेटा पातेल्यात पडलाय. अन् मांडीवर, अप्पा, मांडीवर चाळणी घेऊन बसलेत हो!

वीरप्पा : अरारारा. थांब, चष्मा पुसू दे. अगं, हा रुसलेला माणूस न्हाय. हा अडकलेला माणूस हाय!

बसवेश : मामा! दार!

वीरप्पा : काय म्हणतेत?

शुभांगी : दार म्हणतेत. पहिल्यापासनं तेच म्हणतेत. तुमी घड्याळं दाखवा.

वीरप्पा : ओ शिवप्पा व्याही! ओ! नाच थांबवा जरा, मेहरबानी करा! चावी! तुमचा पुतण्या उकडायलाय आत! हां, टाका, टाका. घे. नाचतच दिली बघ बाबानं.

शुभांगी : बटण दाबलं. खटका तर वाजला. आता का उघडंना?

बसवेश : हे दार धरतं! सकाळी काकानं लाथ मारून लावलंय!

शुभांगी : लाथ मारायची पद्धतच हाय का तुमच्या घरात?

बसवेश : न्हाय न्हाय, फकस्त गाडीला!

वीरप्पा : थांब, मी वढतो.

शुभांगी : बोट सुजलेला माणूस काय वढणार? अप्पा, हे आपल्या दुकानाच्या मागच्या दारावानी हाय. नुसतं वढून भागायचं न्हाय, वर उचलून वढावं लागतंय. बाटली धरा. इथं फटीत ओता.

वीरप्पा : अंगठीला राहिलेलं तेल?

शुभांगी : तेच. बोटाला न्हाय, दाराला.

वीरप्पा : ओतलं. सगळं ओतलं. आता अंगठी कशानं काढायची?

शुभांगी : अहो, खांदा लावा आतनं! मी वर उचलते. मी म्हणेन तवाच धक्का, आधी न्हाय.

बसवेश : तू म्हणशील तवाच. आजपासनं सगळंच तू म्हणशील तवाच!

शुभांगी : हसवू नका, हात घसरायलाय माझा. अप्पा, घोषणा द्या.

वीरप्पा : हर हर...

शुभांगी : आता!

बसवेश : महादेव! आई गं!

वीरप्पा : उघडलं! उघडलं! अगं धर त्यांना! पातेली चुकवा! ती परात धरा कोणीतरी, ब्यांडकडं पळाली!

शुभांगी : पळू द्या. ढोलकीवाल्यानं तिच्यावरच ताल धरलाय बघा.

वीरप्पा : जावईबापू, लागलं का कुठं? उठा, उठा. लई गैरसमज झाला. माफ करा. आता सांगा, रुसवा न्हाय म्हणता, पर पद्धत हाय. काय देऊ?

बसवेश : मागू का खरंच, मामा?

वीरप्पा : मागा की. संकोच नको.

शुभांगी : जपून मागा.

बसवेश : पाणी द्या. तांब्याभर. गार.

वीरप्पा : एवढंच? आत्ता आणतो! दुसऱ्या कुणाला सांगत न्हाय, मीच आणतो!

बसवेश : शुभांगी.

शुभांगी : फेटा सरळ करा. दाराचं तेल लागलंय त्याला.

बसवेश : तू काहीतरी सांगायला आली होतीस. तोंडावर.

शुभांगी : व्हय. लग्न मोडलं म्हणून.

बसवेश : मग सांगितलं का न्हाईस?

शुभांगी : तुमचं नाक दिसलं. मला हसू आवरंना. हसत हसत लग्न मोडता येतंय व्हय कुणाला?

बसवेश : आता तर आवरलंय हसू. आता सांग.

शुभांगी : आता तिकडं बघा. अप्पा तांब्या घेऊन पळत यायलेत.

बसवेश : सांडायलेत सगळं. एवढी घाई कशाला?

शुभांगी : सांडू द्या. अंगठी बोटातच हाय.