चिमणी, धुराची

सावळीराम : “सावळ्याऽऽ, चुकलास तर चिमणीकडं बघत ये रेऽऽ!” बांधावर उभं राहून अशी हाक द्यायची आई. अजून कानात घुमती, वत्सला.

वत्सलाबाई : घुमू द्या. पण फोन जरा खाली धरा. भर इंदिरानगरात डोळ्यांपुढे फोन धरून उभे आहात, लोक म्हणतील म्हातारा रील काढतोय.

सावळीराम : म्हणू दे. थांब, ह्यातला नकाशा म्हणतोय समोरच्या इमारती दाखवा. ही बघ, ही पिवळी दाखवली... ही मेडिकलवाली... ओळखलं! बघितलंस? घरांची तोंडं बघून ओळखतो, आपण कुठं उभे हाय ते.

वत्सलाबाई : मीही ओळखते. आपण आपल्या फाटकाबाहेर उभे आहोत.

सावळीराम : तुझं सोड. हे बघ, बाण आला! रस्त्यावर पसरलाय रांगोळीगत. पाय टाकला की पुढं सरकतो. जन्म गेला एकलहऱ्याच्या पॉवर हाऊसात, मीटरच्या काट्यावरून बॉयलरचा जीव ओळखायचो. पण असलं नव्हतं बघितलं. कुणी केलं असंल, त्याच्या आईच्या पोटी हिरा जन्मलाय.

वत्सलाबाई : हिऱ्याचं कौतुक चालता चालता करा. भाग्यश्रीची नोकरी सोमवारी सुरू होतेय. ती सातपूरहून यायच्या आत साईचा तबल्याचा क्लास सुटणार. नातीला आणायचं तुम्हीच कबूल केलंत, म्हणून ही आजची तालीम.

सावळीराम : आणणारच. सुनेला शब्द दिलाय. साई माझं बोट धरूनच येणार.

वत्सलाबाई : अहो, तिकडे कुठे? बाण उजवीकडे आहे ना?

सावळीराम : हां, हां. बघ, लगेच वळला. चुकलो तरी खेकसत नाय. “हरकत नाही, इकडून चला.” तू असतीस तर अख्खं माहेर मधी आणलं असतंस.

वत्सलाबाई : माझ्या माहेरी, मखमलाबादला, गुलाबाच्या ओळीत अंधारातसुद्धा कुणी चुकत नसे. काटे लागायचे ना!

सावळीराम : आमच्याकडं काटे नव्हते, चिमणी होती. पॉवर हाऊसची नवीन उभी राहिली तेव्हा मी गुरं राखायचो. गुरांमागं कुठंबी भरकटलो तरी मान वर केली की धूर दिसायचा. खालती घर. आई खुरपताना गाणंच म्हणायची,
उडंना, चिवचिवंना, चिमणी ही धुराची
वाट दाव लेकराला, सांजंच्या घराची.

वत्सलाबाई : किती दिवसांनी म्हटलंत! पूर्वी गच्चीवरून दिसायची की ती. आता मधे टॉवर आले.

सावळीराम : टॉवर आले... आलं बघ, पोचलो! हवेत लाल टिकली तरंगतीय, क्लासच्या दारावर. सवाष्णीच्या कपाळावरच्यागत.

वत्सलाबाई : खरंच गं बाई. जरा मला बघू द्या. अगदी दारावर! आमच्या आईला पंचवटीत देऊळ सापडत नसे, तिला हे मिळायला हवं होतं.

सावळीराम : मग? उगीच बडबडत व्हतीस. एवढुशा काचेत अख्खं नाशिक. गल्ली न् गल्ली. आणि रस्ता विचारायला कुणाचं तोंड बघायला नको.

वत्सलाबाई : विचारलं तर काय बिघडतं?

सावळीराम : बिघडतं. दूधवाल्याला विचारलं तर तो म्हणंल, काका, रोज इथूनच तर जाता.

वत्सलाबाई : दूधवाला असं म्हणाला?

सावळीराम : म्हंजे असं कुणी म्हणालं तर. चल, बस या कट्ट्यावर. उसाचा रस घेऊ.

वत्सलाबाई : रस नको. घरी चला. आणि परतताना मला फोन खिशात ठेवून न्या.

सावळीराम : का? सोमवारी फोन असणारच की हातात.

वत्सलाबाई : असेल. सहज म्हटलं.

सावळीराम : सहज कशाला? आता... आता मेडिकल यायला पायजे ना? का ते आधी होतं? या गल्लीत झाडं कुणी तोडली?

वत्सलाबाई : कुणी नाही तोडली. घ्या, काढा फोन. नका घाम पुसत बसू.

सावळीराम : काढतो. घर... थांब. घराच्या जागी “घर” नाय लिहिलेलं. इथं “चिमणी” लिहिलंय! बिघडला का गं?

वत्सलाबाई : नाही बिघडला. भाग्यश्रीकडून मी बदलून घेतलं. काल रात्री.

सावळीराम : चिमणी कशाला?

वत्सलाबाई : त्या दिवशी गॅलरीत उभे राहून तुम्ही फोनला विचारत होतात, “चिमणी कुठं हाय? चिमणीकडं ने.” आणि तो पक्ष्यांचे फोटो दाखवत होता.

सावळीराम : चिवचिवसुद्धा ऐकवली त्यानं. मुकाट बंद केला मी.

वत्सलाबाई : मी आत पोळ्या लाटत होते. हसू आलं आधी. मग नाही आलं.

सावळीराम : तेवढ्यावरून?

वत्सलाबाई : तेवढ्यावरून नाही. भाग्यश्रीनं तुमचा फोन माझ्या फोनला जोडून दिलाय. नकाशावर तुमचा निळा ठिपका दिसतो मला. परवा कोथिंबीर आणायला गेलात, तर ठिपका जॉगिंग ट्रॅकभोवती फिरतोय, फिरतोय. आपल्या दारापर्यंत आला. आणि पुढे निघून गेला.

सावळीराम : हाक मारायचीस ना.

वत्सलाबाई : खिडकीशीच होते. तोंडापर्यंत आली होती. पण वाटलं, हाक मारली तर तुम्ही म्हणाल, पाय मोकळे करत होतो. मग खरं ते कधीच बोलणार नाही तुम्ही.

सावळीराम : आणि साई? तिला आणायचं आता तुम्ही दोघी काढून घेणार माझ्याकडनं.

वत्सलाबाई : कोण काढून घेतंय? सोमवारी दोघंही येऊ. फोन तुमच्या हातात, साईचं बोट तुमच्या हातात. पिशवी माझ्याकडे. आणि त्याआधी डॉक्टरांना दाखवू, भाग्यश्रीला सांगून.

सावळीराम : तिला काय सांगणार?

वत्सलाबाई : जे तुम्ही मला सांगाल, ते. ठिपक्यानं सांगितलंय सगळं. तुम्ही अजून काहीच सांगितलेलं नाही.

(बाणामागून चालत दोघे आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबतात. फोनवर, त्यांच्याच घराच्या दारावर, लाल टिकली तरंगते आहे; तिच्यावर “चिमणी” लिहिलेलं.)

सावळीराम : ऐक मग. कधी कधी आपलंच दार मला परक्याचं वाटतं, वत्सला. आत कोण असंल या भीतीनं पुढं जातो. आता वर चिमणी दिसली, तर बेल दाबायचा धीर होईल.