उचलू का नातीला?

नातवंडांशी कसं वागावं हे पप्पांना शिकवून मीच दमलेय, ऐका.

आम्ही खोपोलीचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, ताईचा नवरा कर्जतचा बौद्ध. मी पप्पांना बजावलं होतं, "ताईच्या लेकीनं विचारल्याशिवाय आपला धर्म मध्ये आणायचा नाही." नात दुरावेल या भीतीनं त्यांनी मान डोलावली.

परवा ती भावजींबरोबर आली आणि दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, हात लावायला उड्या मारू लागली. एरवी पप्पा तिला उचलायचे. या वेळी नुसते उभे.

"उचला की, पप्पा!" भावजी म्हणाले.

"तिनं विचारलं नाय अजून."

तिनं त्यांच्याकडे वळून विचारलं, "आजोबा, तुमचे हात दुखतात का?"

"नाय गं," पप्पा थकून म्हणाले, "तुझ्या मावशीला विचार, उचलू का तुला."