रशीदभाईंच्या अब्बांचं नाव

मंडळी, सकीनाभाभी, मला बोलायला उभं केलंय. परवा सकाळी रशीदभाई गुलमंडीतल्या दुकानात शिलाईच्या मशीनवर बसले आणि बसल्या जागी गेले. कापड अजून सुईखाली आहे. माझा विश्वासच बसत नाही. तुमचा बसतोय?

मी त्यांची शेजारीण, शाळेतून निवृत्त झालेली. ते मला ‘बाई’ म्हणायचे. मागच्याच आठवड्यात ते, त्यांची नात आणि मी मद्रासकडं जाऊन आलो. कशासाठी, ते ती नात आणि त्यांच्या पत्नी सकीनाभाभी यांच्याखेरीज इथं कुणालाच ठाऊक नाही.

त्यांचे अब्बा करीमभाई, फर्दापूरचे. रशीदभाई पाळण्यात असताना, दुसऱ्या महायुद्धात, ते लढाईच्या कामावर गेले. एकच पत्र आलं. ‘इथं तळ्यावर विमानं उतरतात, मी होडी चालवतो.’ पुढं काही नाही. लोक म्हणाले, तिकडं दुसरा संसार मांडला. अम्मींनी मरेपर्यंत ते ऐकून घेतलं. रशीदभाईंनी तर ते खरंच मानलं. ऐंशी वर्षं! बापाचा विषय निघाला की उठून जायचे.

ते तळं नातीनं शोधून काढलं. लढाईतल्या त्या पाण्यावरच्या विमानांच्या आठवणी गावकऱ्यांनी काठावरच्या दोन खोल्यांत जपल्यात. भिंतीवर फोटो, खाली इंग्रजी मजकूर. मी वाचून दाखवत होते. वाचता वाचता एका नावावर बोट ठेवलं. करीम, होडीवाला, फर्दापूर. पाण्यावर उतरताना विमान पेटलं. यांनी दोनदा होडी नेऊन चार माणसं बाहेर काढली. तिसऱ्यांदा गेले, ते परतले नाहीत.

“बाई, फिरून वाचा,” रशीदभाई म्हणाले. मी वाचलं.

“फिरून.”

पुन्हा वाचलं. मग भिंतीला हात टेकून म्हणाले, “म्हणजे ते पळाले नव्हते? आणि मी त्यांच्यासाठी एकदाही दुआ मागितली नाही, बाई. एकदाही नाही.”



परतताना गाडीत म्हणाले, “रविवारी सगळ्या मोहल्ल्याला बोलवा. मी स्वतः सांगतो. अब्बांची बदनामी ज्यांनी ऐकली, त्यांनी हेही ऐकावं.”

आज रविवार आहे, मंडळी. हा हॉल त्यांनीच सांगून ठेवला होता. या खुर्च्यासुद्धा. आणि बोलतेय मी.

रशीदभाई, मला जमलं तसं सांगितलं.

आता उभे राहू या. दोन मिनिटं कुणीच काही बोलू नका. एक मिनिट रशीदभाईंसाठी. एक करीमभाईंसाठी. त्यांच्यासाठी या शहरात आजवर कुणीच उभं राहिलेलं नाही.