बाहीच्या काठातल्या तीन चुका

लिमफ्योर्ड खाडीकाठच्या आमच्या जत्रेत हजार वर्षांपूर्वीसारखं तंबूत राहायचं असेल, तर अंगावरचे कपडे आधी योरुनबाईंनी पास करावे लागतात. त्या भिंग घेऊन फाटकातच बसतात. रांगेत माझ्यापुढे सोल्वाय आणि तिचा नवरा एगोन होते.

“शिलाई हातची ना गं, सोल्वाय?”

“टाका न् टाका हातचा, योरुनबाई. लोकरसुद्धा मीच कातलीय.”

“आणि हा बाहीचा काठ? इथे नक्षी उलटी फिरलीय.”

“ती मुद्दाम फिरवलीय. हजार वर्षं जुन्या थडग्यात सापडलेल्या मूळ काठातच ती चूक आहे.”

“ठाऊक आहे मला. पण मूळ काठात एकच चूक आहे. इथे तीन दिसतायत.”

“अहो, त्या दोन म्हणजे...”

“मी हिला म्हटलं होतं, उसव म्हणून! मी शेजारीच बसलो होतो. शिडाच्या दोरांबद्दल सांगत होतो. दुसऱ्या वेळी वल्ह्यांचा विषय...”

“एगोन, तुला कुणी विचारलंय?”

“मी आपलं मदत म्हणून...”

“बघितलीत मदत, योरुनबाई? हा बोलायला लागला की माझ्या हातून काठ विणायच्या लाकडी चकत्या उलट्या फिरतात.”

“अगं, पण मूळ काठ विणणाऱ्या बाईलाही नवरा असेलच की. तिची कशी एकच चूक झाली?”

“तिचा नवरा समुद्रावर असायचा.”

योरुनबाईंनी भिंग खाली ठेवलं.

“जा गं तू आत. आणि एगोन, तू खाली धक्क्यावर जा. गलबताला वल्हेकरी कमी पडतायत.”