मला हा चहा आवडतो, कारण...

सून : ...आणि पुन्हा या नंबरवर फोन आला तर सरळ पोलिसांत देईन! ठेवा. ठेवा म्हणते ना! नाहीतर मीच ठेवते.

सासूबाई : कोण होतं गं? सकाळीही अशीच कोणावर तरी खेकसत होतीस.

सून : तेच लोक. लुटारू. म्हणे अभिनंदन, तुम्हाला पहिलं बक्षीस लागलंय. मी कशात भाग घेतला नाही, कसलं तिकीट काढलं नाही, मग बक्षीस काय आभाळातून पडलं? आता थोड्या वेळाने म्हणतील, आधी पैसे भरा, मग पाठवतो. शेजारच्या काकांना नाही का असंच गंडवायला बघत होते!

सासूबाई : कशाचं बक्षीस म्हणाले?

सून : कुठल्याशा चहाच्या स्पर्धेचं. आई, अशा एकदम खाली काय बसलात? चक्कर येतेय का? पाणी आणू?

सासूबाई : पाणी नको. तू काय काय बोललीस ते सांग. शब्द न गाळता.

सून : सकाळी म्हटलं, राँग नंबर. आत्ता म्हटलं, ते बक्षीस तुमच्या आईला द्या. असली कार्टी पोसायची म्हणजे तिलाच जास्त गरज असेल.

सासूबाई : अगं बाई गं! चालत दाराशी आलेलं झाडूने हाकललंस की!

सून : म्हणजे?

सासूबाई : म्हणजे तू भाग घेतला होतास.

सून : मी?

सासूबाई : तुझ्या नावाने मी प्रवेशिका पाठवली होती. 'मला हा चहा आवडतो, कारण...' हे वाक्य पुरं करून पाठवायचं होतं. चहाची रिकामी पाकिटं मी उगाच धुऊनपुसून ठेवत होते होय?

सून : आई! अहो, बक्षिसात आलेली ती बादली, त्या छत्र्या, ते उलटं चालणारं घड्याळ, एवढ्यावर भागलं नाही का? आता माझंही नाव गुंतवायचं?

सासूबाई : घड्याळाला नावं ठेवू नकोस. ते उत्तेजनार्थ होतं.

सून : पण माझ्या नावाने कशाला? तुमचं नाव काय वाईट आहे?

सासूबाई : माझ्या नावाने एक पाठवलीच होती. एका माणसाची एकच, असा नियम असतो. लोक काय करतात, एकाच नावाने धडाधड दहा पाठवतात आणि दहाच्या दहा बाद होतात. आधी नियम वाचावेत, मग पेन उघडावं. आणि खरं सांगू का, पहिलं बक्षीस वाचलं आणि मला तूच आठवलीस. ओव्हन आहे गं. मोठा. बेकरीत असतो तसा.

सून : ...केवढा?

सासूबाई : दोन ट्रे एका वेळी जातील एवढा. तुझ्या त्या डबड्यात एक केक करपतो तोवर दुसरा कच्चा राहतो, दिसतं ना मला. शाळेची केकची ऑर्डर तू नाही म्हणून सांगितलीस, त्या दिवशी जेवलीसुद्धा नाहीस.

सून : थांबा, थांबा. आधीच हुरळून जाऊ नका. हे लोक खरे कशावरून? चोरालाही माहीत असेल की चहाची स्पर्धा आहे.

सासूबाई : आता कसं शहाण्यासारखं बोललीस. म्हणूनच ज्या नंबरवरून फोन आला त्यावर उलट फोन करायचा नाही. नंबर पाकिटावर छापलेला असतो, त्यावर करायचा. आणि पहिल्यांदा एकच विचारायचं, बक्षीस घ्यायला काही भरावं लागेल का? हो म्हणाले की फोन खाली. खरी स्पर्धा दमडी मागत नाही. घे, हे पाकीट. तूच बोल.

सून : तुम्ही बोला ना. मी त्या बाईला काय काय बोलले आहे!

सासूबाई : नाव तुझं, शिव्या तुझ्या. फोनही तूच कर.

(दुपार. स्पर्धा चालवणाऱ्या कंपनीचं ऑफिस. टेबलाच्या एका बाजूला सासू-सून, दुसऱ्या बाजूला मॅडम.)

मॅडम : या, बसा. म्हणजे त्या तुम्हीच. 'तुमच्या आईला द्या' म्हणालेल्या.

सून : मॅडम, मी खरंच मनापासून माफी मागते. मला वाटलं...

मॅडम : अहो, त्यात काय! फोन आपटणारी माणसं आम्हाला आवडतात. काही जण आमचं बोलणं संपायच्या आत बँकेचा नंबर सांगायला लागतात, त्यांची जास्त काळजी वाटते. फक्त तुम्ही वेळेत आलात ते बरं झालं. आज संपर्क झाला नसता, तर उद्या आम्ही राखीव विजेत्याला कळवणार होतो.

सासूबाई : बघ! मी म्हटलं नव्हतं, रिक्षा कर?

मॅडम : ओळखपत्र आणलंय? छान. आणि पाकिटाचा कोपरा प्रवेशिकेला जोडलेला आहेच. काकू, तुम्ही यांच्या आई?

सासूबाई : सासू. पण मला एक विचारायचं होतं हो, इतकी वर्षं मनात आहे. तुम्ही निवडता तरी कसं?

मॅडम : नावं झाकतो. प्रत्येक वाक्याला नुसता नंबर. तिघं परीक्षक, एकमेकांशी न बोलता गुण देतात. बेरीज सारखी आली तरच चिठ्ठी टाकायची, तीही बाहेरच्या माणसासमोर. आमच्या कंपनीतल्या कोणाच्या नातेवाइकांना भागच घेता येत नाही.

सासूबाई : आणि टपालाच्या पाकिटावर वेलबुट्टी काढली तर?

मॅडम : पाकीट टपाल फोडणाऱ्या मुलीच्या पुढे जातच नाही.

सासूबाई : ऐकलंस? आणि मी मेली प्रत्येक पाकिटावर फुलं काढत बसते!

मॅडम : बरं ताई, आता एकच गोष्ट राहिली. हा प्रश्न आम्ही प्रत्येक विजेत्याला विचारतो, कारण काही लोक कुठून तरी ओळी उचलून पाठवतात. हे वाक्य तुम्हाला कसं सुचलं?

सून : वाक्य... मॅडम, ते मी... आई, पाय का मारताय?

सासूबाई : मी कुठे! टेबलाचा असेल.

सून : मॅडम, खोटं बोलून ओव्हन नेला तर त्यात केक फुगायचा नाही. ते वाक्य मी लिहिलेलं नाही. मला ते माहीतसुद्धा नाही. प्रवेशिका यांनी भरली.

मॅडम : अच्छा... हे मात्र जरा अवघड झालं. वाक्य स्पर्धकाचं स्वतःचंच हवं, असा नियम आहे. सही तरी तुमची आहे का?

सून : बघू... सही माझी आहे. आई, ही मी कधी केली?

सासूबाई : तू क्रीम फेटत होतीस. मी म्हटलं, स्पर्धेचा कागद आहे, इथे सही कर. तू म्हणालीस, हं हं. आता हं हं म्हणजे हो की नाही, मॅडम?

मॅडम : काकू, सहीचं राहू दे. वाक्य तुम्ही रचलंत का?

सासूबाई : मी रचलेलं माझ्या नावाने गेलं. 'कारण त्याला रंग, सुगंध आणि गोडीचा संग.'

मॅडम : रंग-सुगंधवाल्या पुष्कळ आल्या होत्या.

सासूबाई : येणारच. सगळ्यांना सांगते, यमक जुळवू नका, आणि स्वतः तेच केलं. पण हिचं वाक्य मी नाही रचलं. ते हिचंच आहे. ही बोलली, मी ऐकलं, आणि कागदावर उतरवलं. एवढंच.

सून : मी? कधी बोलले? काय बोलले?

सासूबाई : मॅडम, वाचा तुम्हीच.

मॅडम : 'मला हा चहा आवडतो, कारण तो उकळत असतो तोवर घरात दुसरं कोणी उकळत नाही.' तिन्ही परीक्षक हसले हो यावर. एकाने तर शेजारी लिहिलंय, 'आमच्या घरी पाठवा.' काय झालं ताई? चेहरा का असा झाला?

सून : आई, तुम्ही... तुम्ही कुठे होतात तेव्हा?

सासूबाई : बाहेरच्या खोलीत. चष्मा शोधत होते. माझा लेक म्हणाला, किती वेळा चहा ठेवतेस दिवसातून? तर ही म्हणाली...

सून : आई, नको ना.

सासूबाई : सांगू दे. नाहीतर ओव्हन जाईल. ही म्हणाली, ठेवू दे मला. चहा उकळत असतो तोवर घरात आई उकळत नाहीत. झालं. मी 'आई'च्या जागी 'दुसरं कोणी' घातलं. आपल्या घरातलं चारचौघांत कशाला?

मॅडम : ताई, हे तुम्ही बोलला होतात?

सून : ...बोलले होते. असंच बोलले होते.

मॅडम : एक मिनिट बसा. आमचे वकील आतच आहेत, त्यांना विचारून येते.

सासूबाई : गेल्या. काय वाटतं तुला?

सून : आई, मला त्या ओव्हनचं काही वाटत नाही आता. तुम्ही ते ऐकलंत आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?

सासूबाई : वकील चष्मेवाला आहे, काचेतून दिसतोय. चष्मेवाले कडक असतात.

सून : आई, मी काय विचारतेय?

सासूबाई : गप्प. आल्या त्या.

मॅडम : काकू, घाबरू नका, चांगलीच बातमी आहे. वकील म्हणाले, बोललेलं वाक्यही स्वतःचंच असतं. हात मोडलेली, डोळ्यांनी कमी दिसणारी माणसं दुसऱ्याकडून लिहून घेतातच की. कल्पना यांची, सही यांची. एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, तेवढी मदत चालते. मात्र हे सगळं घडलं तसं आम्ही कागदावर लिहून घेऊ, आणि ताईंनी आज संमती द्यायची. आहे संमती?

सून : हं हं.

मॅडम : नाही हो, नीट सांगा!

सून : आहे. आहे, मॅडम. कुठे सही करू?

सासूबाई : या वेळी वाचून कर. मॅडम, घरपोच आणून देता ना? आमचा जिना अरुंद आहे, आधी सांगून ठेवते. माणसं दोन पाठवा आणि तिसरा दांडगा पाठवा.

मॅडम : पाठवते. आणि ताई, फोटो छापायचा की नाही ते तुमच्या मर्जीवर. नाव मात्र विजेत्यांच्या यादीत लागेल.

सासूबाई : फोटो छापा. मी शेजारी उभी राहीन.

(ऑफिसबाहेरचा जिना.)

सून : सावकाश उतरा आई, पायरी फुटकी आहे. धरा मला.

सासूबाई : धरते. हुश्श! छातीवरून जातं काढल्यासारखं वाटतंय बघ. मॅडम 'अवघड झालं' म्हणाल्या ना, तेव्हा वाटलं, हिच्या तोंडचा घास मीच काढला. माझ्या शहाणपणामुळे.

सून : मी आत्ता शाळेत फोन करू का? म्हणू का, केक करते म्हणून?

सासूबाई : ओव्हन जिना चढू दे आधी. नाही, कर, कर. त्यांनी दुसरीकडे सांगायच्या आत कर.

सून : करते. पण आधी तुम्ही मला उत्तर द्या. राग नव्हता आला?

सासूबाई : आला होता ना. न यायला काय झालं? म्हटलं, हिला मी खोकल्याच्या काढ्यापासून केकच्या खोक्यांपर्यंत सगळं पुरवते, आणि ही मला उकळते म्हणते! रात्री जेवताना मुद्दाम तुझ्याशी बोलले नाही. तुझ्या लक्षातही आलं नाही.

सून : मला वाटलं, तुमची दाढ दुखतेय.

सासूबाई : तेच तर! मग दोन दिवस ते वाक्य डोक्यात घोळवलं. तिसऱ्या दिवशी भांडी लावताना मला एकदम हसूच फुटलं. खरं होतं गं. मी उकळते. तुझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात मला कधी सांगितलं नाही. मी सुरू झाले की ते चपला घालून बाहेर पडायचे. आणि मी जगाला सांगायची, यांना चालण्याची भारी हौस.

सून : आई...

सासूबाई : हसतेस काय? हस. तेही हसले असते. तर म्हटलं, वाक्य चांगलं आहे, वाया का घालवा? मला लागलं ते लागलं, परीक्षकांनाही लागू दे की.

सून : पण मी असं पाठीमागे बोलायला नको होतं. मला खरंच लाज वाटतेय.

सासूबाई : लाज-बीज काही नको. तू घरात राहून बोललीस, चपला घालून निघून गेली नाहीस. फक्त पुढच्या वेळी समोर येऊन बोल. भिंतीआडून नीट ऐकू येत नाही गं आता.